रूथच्या गोष्टीतली माणसं कशी वाचावीत

हिब्रू धर्मग्रंथातल्या (ख्रिस्ती बायबलातल्या जुन्या करारातल्या) कथा सांगणारा फार कमी बोलतो. एखादी बाई प्रेमळ होती की कावेबाज, एखादा पुरुष उदार होता की हिशेबी, हे तो सहसा सांगत नाही. कोण कुठे गेलं, कोण काय म्हणालं, कोणी काय दिलं, एवढं सांगून तो पुढे सरकतो. म्हणून या कथांमधल्या माणसांच्या चारित्र्यावर लिहायला बसलं की बहुतेकांच्या हातून एक तर गोष्टीचा सारांश लिहिला जातो, नाहीतर प्रवचन. माणसं खरोखर वाचायची तर थोडी शिस्त लागते, आणि ती शिकायला रूथच्या पुस्तकासारखी दुसरी कथा नाही. चार अध्याय, ८५ वचनं (२२, २३, १८ आणि २२). एका बैठकीत वाचून होते, आणि एकही वाक्य वाया गेलेलं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. इस्राएलात अजून राजे नव्हते त्या शास्त्यांच्या काळात दुष्काळ पडतो. बेथलेहेमचा अलीमलेख बायको नामी आणि महलोन, खिल्योन या दोन मुलांना घेऊन मवाब देशात जातो. तिथे तो मरतो. मुलं मवाबी मुलींशी लग्न करतात, आणि सुमारे दहा वर्षांत तीही निपुत्रिक मरतात. नामी परत निघते तेव्हा एक सून, अर्पा, माहेरी जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. बेथलेहेमात रूथ सरवा वेचायला जाते ती नेमकी बवाज नावाच्या आप्ताच्या शेतात. नामीच्या सांगण्यावरून ती रात्री खळ्यावर जाऊन बवाजला लग्नाचं विचारते. तो वेशीवर पंचांसमोर सगळं कायदेशीर करून घेतो. मुलगा होतो. तो ओबेद, म्हणजे दावीद राजाचा आजोबा.

जवळ काय घेऊन बसायचं

मराठी भाषांतरं दोन घ्या. एक बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’. दुसरं पंडिता रमाबाईंचं, जे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं आणि १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. दोन भाषांतरं जिथे वेगळं बोलतात तिथे बहुधा मूळ हिब्रूत गाठ असते. त्या जागेवर खूण करून ठेवा, गाठ सुटली नाही तरी चालेल.

याशिवाय तोरामधले, म्हणजे धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांमधले, पाच उतारे आणि दोन गोष्टी हाताशी हव्यात. कायद्याचे उतारे: लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९ (गरिबांसाठी शेतात सोडायचं धान्य), लेवीय २५:२५ (आप्तानं विकलेली जमीन सोडवणं), अनुवाद २५:५-१० (निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करणं), आणि अनुवाद २३:३-४ (मवाबी माणसाला मंडळीत प्रवेश नाही). या शेवटच्या उताऱ्याचा क्रमांक ज्यू आवृत्त्यांमध्ये एकानं पुढे, म्हणजे २३:४-५ असा असतो. गटात वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर हे आधीच सांगून टाका, नाहीतर दहा मिनिटं शोधण्यात जातात. गोष्टी दोन: उत्पत्ती १९:३०-३८ मधली लोटाच्या मुलींची आणि उत्पत्ती ३८ मधली तामारची.

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. सरवा, खळं, सातू, वतन, वेस हे शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहेत, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातलं शेत डोळ्यांसमोर उभं करायला टिपा लागत नाहीत. आणि ज्यू परंपरा मराठीला परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धर्मग्रंथातल्या कथा मराठी कीर्तनांतून मांडल्या होत्या.

पहिलं वाचन मोठ्यानं, सलग

मध्ये न थांबता मोठ्यानं वाचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. गट असेल तर निवेदक, नामी, रूथ, बवाज आणि ‘बाकीचे सगळे’ अशा पाच जणांत वाटून घ्या. या वाचनात काहीही लिहायचं नाही. वाचून झाल्यावर प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची: कथा कुठे हळू चालते आणि कुठे धावते.

उत्तर सरळ आहे, पण ते कानानंच कळतं. स्थलांतर, तीन मृत्यू, दोन लग्नं आणि दहा वर्षं हे सगळं पहिल्या पाच वचनांत आटोपतं. तिसरा अध्याय मात्र अठरा वचनं जवळजवळ एकाच रात्रीवर खर्च करतो. लेखकाला मृत्यूंचं वर्णन करायचं नाही. मृत्यूनंतर उरलेली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघायचं आहे. तुमच्या लिखाणानंही तेच प्रमाण पाळावं. दुष्काळावर आणि मवाबच्या भूगोलावर दोन परिच्छेद लिहिले की खळ्याच्या रात्रीला जागा उरत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे सर्रास होतं.

दुसरं वाचन: कोण बोलतं

आता पेन्सिल घ्या. निम्म्याहून जास्त वचनांत कोणी ना कोणी बोलत असतं. प्रत्येक संवाद वहीत वेगळा काढा आणि बाजूला तीन गोष्टी नोंदवा: कोण, कोणाला, आणि समोरच्यानं काय उत्तर दिलं. उत्तर नसेल तर ‘उत्तर नाही’ असं स्पष्ट लिहा, कारण यातल्या बऱ्याच मौनांना अर्थ आहे.

पहिलं मौन १:१८ मध्ये (पहिला अध्याय, अठरावं वचन) आहे. रूथ या कथेतलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य बोलते: तुम्ही जाल तिथे मी येईन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव, तुम्ही मराल तिथे मी मरेन. यावर नामी काय म्हणते? काहीच नाही. सून ऐकत नाही असं पाहून ती बोलणं थांबवते. मिठी नाही, आशीर्वाद नाही. पुढे बेथलेहेमात बाया जमतात तेव्हा ती म्हणते, मी भरलेली गेले आणि परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं (१:२१). रूथ तेव्हा शेजारीच उभी आहे. हे वाक्य रूथच्या कानांनी पुन्हा एकदा वाचा. नामीच्या दुःखाची खोली आणि त्या दुःखानं आलेलं आंधळेपण, दोन्ही या एका वाक्यात आहेत.

नामीचं बोलणं अध्यायागणिक मोजत जा. पहिल्या अध्यायात लांब, कडवट भाषण. दुसऱ्याच्या सुरुवातीला रूथ शेतात जायला परवानगी मागते तेव्हा मूळ हिब्रूत उत्तर दोन शब्दांचं: ‘जा, मुली’ (२:२). संध्याकाळी धान्य बघून ती एकदम बोलती होते, आशीर्वाद देते, नाती जोडते (२:१९-२०). तिसऱ्या अध्यायात तर बेत तिचाच. रूथ या कथेत फारशी बदलत नाही. पहिल्या अध्यायात ती जशी आहे तशीच शेवटी आहे. बदलते ती नामी. पुस्तकाला नाव रूथचं असलं तरी ‘पात्राचा विकास’ या मथळ्याखाली लिहायचं असेल तर नामीवर लिहा.

चौथ्या अध्यायात नामी आणि रूथ दोघीही एक शब्द बोलत नाहीत. रूथचं शेवटचं वाक्य ३:१७ मध्ये, नामीचं ३:१८ मध्ये. वेशीवर पुरुष बोलतात, बाळंतपणानंतर शेजारणी बोलतात. यावरून ‘लेखकानं बायकांचा आवाज दाबला’ असा निष्कर्ष घाईनं काढू नका. वेशीवर जे घडतं ते आधीच्या रात्री रूथनं मागितलेलंच आहे, आणि बाळाचं नावही शेजारणी ठेवतात (४:१७). पण मौन नोंदवा आणि त्याला सामोरं जा.

तिसरं वाचन: नियम किती, कृती किती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या कथेतलं चारित्र्य मोजायचं माप एकच: त्या माणसावर कायद्यानं किंवा रीतीनं किती बंधन होतं आणि त्यानं प्रत्यक्षात किती केलं. हिब्रूत याला ‘हेसेद’ म्हणतात, म्हणजे देणं लागत नसतानाही नात्याला जागून केलेलं भलं. हा शब्द पुस्तकात तीन वेळा येतो (१:८, २:२०, ३:१०), आणि तिन्ही वेळा कथेतल्याच माणसांच्या तोंडी. निवेदक स्वतः कोणालाही हे प्रशस्तिपत्रक देत नाही.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे बंधन, उजवीकडे कृती. बवाजपासून सुरुवात करा, कारण त्याचा हिशेब धान्यात होतो.

डावीकडे: लेवीय १९ प्रमाणे शेतमालकानं कडेचं पीक कापायचं नाही आणि पडलेली कणसं गोळा करायची नाहीत; ती गरिबांची आणि परदेशीयांची. म्हणजे रूथनं सरवा वेचणं हा तिचा हक्कच होता. बवाजनं तिला हाकललं नाही एवढ्यावरून तो उदार ठरत नाही. अनेक जण इथेच चुकतात.

उजवीकडे: दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या मोलकरणींबरोबर राहा, गड्यांना ताकीद दिली आहे, त्यांनी भरलेलं पाणी पी (२:८-९). जेवायला स्वतःच्या लोकांत बसवणं, भाजलेलं धान्य हातानं देणं (२:१४). पेंढ्यांमध्येही वेचू देणं आणि गड्यांना सांगून पेंढ्यांतून मुद्दाम ओंब्या गाळायला लावणं (२:१५-१६). हे शेवटचं रूथला कळू नये अशी व्यवस्था आहे, म्हणजे तिला ते भीक न वाटता कमाईच वाटावं.

परिणाम: संध्याकाळी झोडपल्यावर एक एफा सातू निघतात (२:१७). एफा म्हणजे साधारण २२ लिटर. सातूचं वजन तेरा-चौदा किलो धरा. मापाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ग्रंथातलाच दाखला वापरा. निर्गम १६ मध्ये एका माणसाचा दिवसाचा मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) एक ओमर, आणि एफा म्हणजे दहा ओमर (१६:१६, १६:३६). म्हणजे एका दिवसाच्या वेचणीत दोघींचं पाच दिवसांचं पोट. पडलेल्या कणसांतून एवढं निघत नाही. नामीला ढीग बघताच कळतं की कोणीतरी मुद्दाम दिलंय, आणि म्हणूनच तिचा पहिला प्रश्न ‘आज कुठे वेचलंस?’ असा आहे.

आता रूथ. डावीकडे काहीच नाही. नवरा गेला, मूल नाही, सासूनं तीन वेळा दोघींना परत जा म्हटलं (१:८, १:११, १:१२) आणि चौथ्यांदा एकट्या रूथला (१:१५). ती पूर्ण मोकळी होती. तिचं पहिलं हेसेद हे. दुसरं बवाज स्वतः सांगतो: तरुणांच्या मागे, गरीब असोत की श्रीमंत, तू गेली नाहीस, तुझं हे दुसरं हेसेद पहिल्यापेक्षा मोठं (३:१०). खळ्यावरच्या या वाक्यामुळे कथा निव्वळ प्रेमकथा म्हणून वाचणं अवघड होतं. रूथ नवरा निवडते तो नामीच्या घराचं वतन आणि नाव दोन्ही उभं राहील असा.

अर्पाला आणि वेशीवरच्या त्या निनावी आप्ताला याच पानावर जागा द्या. अर्पा रडते, सासूचं चुंबन घेते आणि सासूनं सांगितलं तसं करते. निवेदक तिच्याबद्दल एकही वाईट शब्द काढत नाही. तो आप्त जमीन सोडवायला आधी तयार होतो, पण रूथशी लग्नही करावं लागेल आणि महलोनच्या नावानं वंश चालवावा लागेल हे कळल्यावर माघार घेतो: माझं स्वतःचं वतन बिघडेल (४:६). हिशेब चुकीचा नाही. पैसे याचे जाणार आणि शेत त्या मुलाच्या नावावर होणार. दोघांचाही डावा आणि उजवा रकाना बरोबर जुळतो. अर्पाच्या शेजारी रूथ आणि या आप्ताच्या शेजारी बवाज उभा करून लेखक खलनायकाशिवाय चांगुलपणा दाखवतो, आणि ते वाईट माणसाच्या शेजारी चांगला माणूस उभा करण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. अर्पाला ‘स्वार्थी’ लिहिलंत तर रूथचा मोठेपणा वाढण्याऐवजी कमीच होतो.

एक गोष्ट मात्र लेखक त्या आप्ताला सोडत नाही: त्याचं नाव. चौथा अध्याय मेलेल्याचं नाव टिकवण्याबद्दल आहे (४:५, ४:१०), आणि स्वतःचं वतन जपणाऱ्याला बवाज ‘अरे अमक्या, इकडे ये, बस’ अशी हाक मारतो.

नामीचा रकाना भरताना अडखळायला होईल, आणि व्हायलाच हवं. सुनांना मोकळं करणं ही तिची उदारता आहे. पण तिसऱ्या अध्यायात ती रूथला न्हाऊन, तेल लावून, रात्री खळ्यावर, एका झोपलेल्या पुरुषाच्या पायाशी जाऊन निजायला सांगते. धोका कोणाला? फक्त रूथला. बवाज पहाटे म्हणतो, खळ्यावर बाई आली होती हे कोणाला कळता कामा नये (३:१४). म्हणजे धोका खरा होता. निवेदक नामीला दोष देत नाही आणि तिची तरफदारीही करत नाही. तुम्हीही दोन्ही बाजू लिहा आणि तिथेच थांबा.

चौथं वाचन: घडलेलं आणि सांगितलेलं

कथेत एखादं पात्र आधीचं बोलणं पुन्हा सांगतं तेव्हा मूळ वाक्य आणि नवं वाक्य एकाखाली एक लिहा. फरक शब्दाचा असला तरी सोडू नका. या कथेत अशा तीन जागा आहेत.

बवाज म्हणतो, माझ्या मुलींबरोबर राहा (२:८). घरी रूथ सांगते, ते म्हणाले माझ्या गड्यांबरोबर राहा (२:२१). नामी लगेच दुरुस्त करते: हो, त्याच्या मुलींबरोबरच जा, दुसऱ्या शेतात कोणी त्रास देईल (२:२२). काही भाषांतरांत हा फरक बुजतो, म्हणून दोन्ही बघा. परक्या मुलीचा निरागसपणा आणि सासूची पुन्हा जागी झालेली काळजी एका शब्दाच्या फरकात दिसते.

नामी सांगते, काय करायचं ते तोच तुला सांगेल (३:४). खळ्यावर मध्यरात्री बवाज दचकून विचारतो, तू कोण? आणि रूथ त्याच्या सांगण्याची वाट न पाहता त्यालाच सांगते: आपलं पांघरूण माझ्यावर पसरा, आपण वतन सोडवणारे आप्त आहात (३:९). जमीन सोडवण्याचा कायदा आणि विधवेशी लग्नाचा कायदा तोरामध्ये वेगवेगळे आहेत. दोन्ही एका वाक्यात रूथ जोडते. बवाज तर दीरही नाही. तिसऱ्या अध्यायातली सर्वांत धीट कृती या वाक्यात आहे, सूचनेबाहेर जाऊन केलेली.

तिसरी जागा सगळ्यात हळवी. बवाज सहा मापं सातू मोजून देतो. देताना काय म्हणाला ते निवेदक सांगत नाही (३:१५). घरी रूथ म्हणते, ते म्हणाले सासूकडे रिकामी जाऊ नकोस (३:१७). तो खरंच असं म्हणाला की रूथनं रचलं, हे कळायला मार्ग नाही. पण ‘रिकामी’ हा नामीचा शब्द आहे, १:२१ मधला. आणि हे रूथचं कथेतलं शेवटचं वाक्य.

शब्दांचे धागे आणि शेजारच्या कथा

पुनरुक्त शब्द शोधताना दोन-तीन धाग्यांवर थांबा. सगळेच धागे पकडायला गेलात तर निबंधाची यादी होते. ‘रिकामी’ आणि ‘भरलेली’ हा एक. दुसरा भाषांतरात हरवतो, म्हणून सांगावा लागतो: २:१२ मध्ये बवाज रूथला आशीर्वाद देतो की ज्या देवाच्या पंखांखाली तू आलीस तो तुला भरून देवो, आणि ३:९ मध्ये रूथ पांघरुणासाठी जो शब्द वापरते तो हिब्रूत तोच, ‘कानाफ’: पंखही आणि वस्त्राचा पदरही. बवाजनं देवाला सोपवलेलं काम रूथ बवाजच्याच हाती परत देते. नामीचंही तसंच: १:९ मध्ये ती सुनांना विसावा मिळो अशी प्रार्थना करते, ३:१ मध्ये तो विसावा ती स्वतः शोधायला निघते. या पुस्तकात देवाची थेट कृती फार थोडी आहे. १:६ मध्ये देवानं आपल्या लोकांना अन्न दिल्याची बातमी कानावर येते आणि ४:१३ मध्ये तो गर्भधारणा देतो. मधलं सगळं माणसं करतात, आणि बहुधा ज्यानं प्रार्थना केली तोच.

तिसरा धागा ‘मवाबी’. हे विशेषण कुठे येतं आणि कुठे नाही ते मोजा: १:२२, २:२, २:६, २:२१, ४:५, ४:१०. तिसऱ्या अध्यायात एकदाही नाही. खळ्यावर रूथला ‘गुणवंत स्त्री’ म्हटलं जातं (३:११). वेशीवर, कायद्यासमोर, ती पुन्हा मवाबी होते. आता अनुवाद २३ शेजारी ठेवा. मवाबींना मंडळीत का घ्यायचं नाही? कारण इस्राएल लोक मिसरहून येताना त्यांनी अन्नपाणी घेऊन सामोरं येण्याचं नाकारलं. इथे एक मवाबी बाई भुकेल्या इस्राएली विधवेच्या घरात धान्य आणते, आणि एक इस्राएली तिला पाणी आणि भाकर देतो. कायद्याविरुद्ध एक शब्दही न उच्चारता केलेला हा युक्तिवाद आहे.

खळ्याच्या रात्रीसाठी उत्पत्तीच्या दोन गोष्टी वाचा. लोटाच्या मुली बापाला दारू पाजून वंश वाढवतात, आणि त्यातूनच मवाब जन्मतो. तामार वेष पालटून सासरा यहूदाला फसवते. त्यातून पेरेस, बवाजचा पूर्वज (४:१२, ४:१८). तिन्ही ठिकाणी वंश खुंटलेला, पुरुष बायकोविना किंवा वयानं मोठा, पुढाकार बाईचा. पण बवाज शुद्धीवर आहे आणि रूथ विचारताक्षणी नाव सांगते. तोच साचा असून फसवणूक गळून पडली आहे, आणि चारित्र्य दाखवायची ही पद्धत फार सुरेख आहे.

खळ्यावर नेमकं काय झालं, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. ‘निजणं’, ‘पाय’, ‘उघडणं’ हे सूचक शब्द लेखकानं मुद्दाम पेरले आहेत आणि उत्तर मुद्दाम दिलेलं नाही. ती पहाटेपर्यंत त्याच्या पायाशी निजली, एवढंच सांगितलं आहे. तुम्हीही एवढंच लिहा आणि ताण तसाच ठेवा.

नंतरचं भाष्य वेगळ्या पानावर

मिद्राश आणि तालमूद, म्हणजे ज्यू रब्बींची नंतरची भाष्यं आणि चर्चा, वाचा, जरूर वाचा, पण त्यातलं काही कथेच्या पानावर येऊ देऊ नका. अर्पाच्या पोटी गल्याथ (दावीदनं मारलेला महाकाय योद्धा) जन्मला, हे तालमूदचं म्हणणं, पुस्तकात नाही. मवाबी पुरुषांना बंदी, बायकांना नाही, हा निवाडाही तालमूदचा (यवामोत ७६ब-७७अ). रूथ रब्बा या मिद्राशात रब्बी झेइरा म्हणतात की या पुस्तकात शुद्ध-अशुद्धाचे किंवा विधिनिषेधाचे नियम नाहीत. हेसेद करणाऱ्यांना केवढं फळ मिळतं हे शिकवण्यासाठीच ते लिहिलं गेलं. हे वाक्य निबंधात वापरायला हरकत नाही, त्यांचं नाव घालून.

पुस्तकाची जागाही अर्थ बदलते. ख्रिस्ती बायबलांत रूथ शास्ते या पुस्तकानंतर येतं, म्हणजे शेवटच्या अध्यायांतल्या रक्तपातानंतर. ज्यू परंपरेत ते तिसऱ्या विभागात, केतुवीममध्ये आहे, आणि शावुओत या कापणीच्या सणाला वाचतात. कथाही सातूच्या हंगामापासून गव्हाच्या हंगामापर्यंत चालते (२:२३). हिब्रू बायबलाच्या अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेनिनग्राड हस्तलिखितात ते नीतिसूत्रे या पुस्तकाच्या लगेच पुढे आहे. नीतिसूत्रं ज्या ‘गुणवंत स्त्री’च्या वर्णनानं संपतात, तेच शब्द बवाज ३:११ मध्ये वापरतो. तुमची आवृत्ती कोणती, ते पहिल्या परिच्छेदात लिहून टाका.

लिहिताना

सात-आठशे शब्दांच्या निबंधाला एक पात्र, एक गुण आणि तीन वचनं पुरतात. चौथं वचन घातलं की एखाद्याचं विश्लेषण अर्धवट राहतं. गुणाचं नाव पहिल्या वाक्यात लिहू नका. आधी बंधन, मग कृती, मग नाव. कच्चं वाक्य असं असतं: ‘बवाज दयाळू व धार्मिक होता, त्यामुळे त्यानं रूथला मदत केली.’ तेच असं लिहा: ‘सरवा वेचू देणं बवाजला कायद्यानं भाग होतं. पेंढ्यांतून ओंब्या काढून टाकायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिला ओशाळवाणं करू नका अशी ताकीदही त्यानं गड्यांना दिली. तिची गरज भागवताना तिचा मान राखणं, ही बवाजची रीत आहे.’

१:१६-१७ लग्नपत्रिकेवर छापलेलं दिसतं. त्या वाक्यांचा अर्थ लावताना ती सुनेनं सासूला म्हटलेली आहेत, समोरून काही मिळण्याची शक्यता नसताना म्हटलेली आहेत, हे विसरू नका. आणि शेवटची वंशावळ (४:१८-२२) ‘नंतर जोडलेली यादी’ म्हणून सोडू नका. पेरेसपासून दावीदपर्यंत दहा पिढ्या, बवाज सातवा. निपुत्रिक गेलेली दहा वर्षं, वेशीवरचे दहा पंच आणि अनुवाद २३ मधली ‘दहावी पिढी’ बाजूला ठेवून ती वाचा.

ही पद्धत हाताला बसली की २ शमुवेल ११ घ्या: दावीद, बथशेबा आणि तिचा नवरा उरीया, २७ वचनं. तोच दोन रकान्यांचा कागद काढा. इथे दावीदचा उजवा रकाना बंधनाच्याही खाली उतरत जातो, आणि परका असलेला उरीया हित्ती, लढाईवरचे सोबती उघड्यावर असताना, घरी जाऊन निजायला नकार देतो (११:११). दावीद रूथचा पणतू आहे, हे लक्षात ठेवून उरीयाचा रकाना भरा. निवेदक सव्वीस वचनं निवाडा देत नाही. तो फक्त शेवटच्या वचनात येतो. तुमचाही निवाडा तोवर लिहू नका.